अकरावी पिशवी

गेल्या महिन्यात निमगावची एक बाई दारात आली. उन्हानं लालबुंद झालेली, काखेत पिशवी. म्हणाली, "आबा, पिशवीवाल्या मावशी हायत का घरात?"

"मेल्या," मी म्हणालो.

ती मटकन ओट्यावर बसली. मला बोलायची रीत नाही असं लोक म्हणतात. नसेल. चौथीपर्यंत शिकलो आणि सारा जन्म नीरेच्या कालव्यावर पाटकरी म्हणून काढला. ज्याची पाळी असेल त्याला पाणी सोडायचं आणि ज्याची नसेल त्याच्या शिव्या खायच्या, हे पाटकऱ्याचं काम. गोडबोल्याचा तिथं निभाव लागत नाही. आणि 'देवाघरी गेल्या' असलं मला तिच्या बाबतीत म्हणवतच नाही. ती कुठली जातीय? बारामतीला जायचं तरी चार दिवस आधी गाठोडं बांधून दाराशी ठेवणारी बाई ती.

बाईच्या पिशवीचा बंद तुटला होता, तो लावून घ्यायला आली होती. पिशवी आमच्या हिच्याच हातची. तिच्यावर एक कोंबडी होती. कोंबडीनं डोक्यावर पदर घेतलेला आणि पदराखालून तुरा बाहेर आलेला.

"ठेवून जा," मी म्हणालो. "बघतो."

का म्हणालो कुणास ठाऊक. मला सुईत दोरा ओवता येत नाही. मशीनला तर सुईच नव्हती. ती मीच मोडली होती. तिची शेवटची पिशवी त्यामुळं अर्धी राहिली, आणि ती कुणासाठी शिवत होती हेसुद्धा मला माहीत नव्हतं. तिला जाऊन आठ महिने झाले. सकाळी डोळा उघडला की पहिल्यांदा तेच आठवतं. म्हणून वही घेऊन बसलोय.

तिचं नाव हौसा. बायकोचं नाव घ्यायची आमच्यात रीत नव्हती, सगळा संसार 'अगं ए' वर भागवला. आता घेतो. आता ती लाजणार नाही की कुणी हसणार नाही.

हौसा बुटकी होती. मशीनवर बसली की पाय पायट्याला जेमतेम पुरायचे, म्हणून तिनं पायट्यावर जुन्या चपलेचा तळ ठोकून घेतला होता. चष्म्याची एक काडी मोडलेली, तिथं इलॅस्टिक. कात्री कमरेला दोरीनं बांधलेली. तोंडात कायम टाचण्या, आणि टाचण्या न काढता बोलायची. नव्या माणसाला तिचं निम्मं बोलणं कळायचं नाही. मला कळायचं. कळून मी फार काही ऐकलं असं नाही.

टेप तिनं कधी हातात धरली नाही. वीत टाकायची आणि उरलेलं बोटांनी मोजायची. "दीड वीत, तीन बोटं," असं स्वतःशी पुटपुटायची. मी एकदा टेप आणून दिली तर तिनं तिच्यावर इंच-इंचाच्या खुणा होत्या तिथं फुलं काढली आणि अंगणवाडीच्या बाईंच्या पिशवीला बंद म्हणून लावली.

गावातल्या बायका जुन्या लुगड्यांच्या वाकळा शिवतात. हौसाच्या हातात चिंधी आली की तिची पिशवी व्हायची. तिच्या सासूनं, म्हणजे माझ्या आईनं, एकदा विचारलं, "वाकळ का शिवत न्हाईस गं?" तर म्हणाली, "वाकळ झोपल्या माणसाची. पिशवी चालत्या माणसाची. मला चालती माणसं आवडत्यात." आई दोन दिवस बोलली नव्हती.

चिंध्या समोरच्या शमीमकडून यायच्या. शमीमच्या नवऱ्याचं ब्लाउजपीसाचं दुकान, रस्त्याच्या पलीकडं. कापडाचे उरलेले तुकडे शमीम गाठोड्यात बांधून आणायची आणि दोघी ते जमिनीवर पसरून बसायच्या. लहान पोरी भातुकली मांडतात तशा. लाल तुकडा दिसला की हौसा म्हणायची, "ह्यो पोपटाच्या चोचीला." शमीम म्हणायची, "अक्का, गेल्या बारीला बी पोपटच केला. ह्या बारीला मोर करा." "मोराला लई कापड लागतं गं. मोर श्रीमंताघरचं काम."

तिची जनावरं धड नसायची. तिच्या एका बैलाला एकच शिंग होतं. मी म्हणालो, "दुसरं कुठं गेलं?" म्हणाली, "कापाड तेवढंच हुतं. बैलानं सोसावं." तिच्या हत्तीच्या पायात चपला असायच्या. मांजर असायची ती चष्मा लावून पेपर वाचणारी. अशी पिशवी खांद्याला लावून मी बाजारात जाणार नाही, हे मी तिला पहिल्याच वर्षी सांगितलं. गेलोही नाही. शेवटपर्यंत खताच्या गोणीची पिशवी वापरली. तिनं कधी आग्रह केला नाही.

अकरा पिशव्यांचं कापड ती एकदम कापायची आणि एकदम शिवायला घ्यायची. त्याला घाणा म्हणायची, भज्यांचा असतो तसा. "घाणा चढलाय, आता हाका मारू नका." त्या दिवसांत मला ठेचा-भाकरीवर राहावं लागायचं. वर्षाला चार घाणे, फार तर पाच. जास्त कर म्हणून लोकांनी सांगून बघितलं. ती म्हणायची, "मला माणूस डोळ्यापुढं आल्याबिगर हात चालत न्हाय. इतकी माणसं कुठनं आणू?"

हे खरंच होतं. पिशवी मागायला कुणी आलं की तिचा पहिला सवाल, "काय ठेवणार?"

"असंच, येता-जाता लागती," असं कोणी म्हणालं की संपलं. "मग येता-जाता या," म्हणायची आणि मशीनकडं तोंड फिरवायची. ज्याला सांगता यायचं त्याला मात्र ती तासभर बसवून घ्यायची. डबा कुठल्या हातानं काढता? छत्री नेता का? पैसं वर ठेवता का खाली? निमगावच्या त्या बाईच्या पिशवीला आतून अंडी ठेवायला सहा कप्पे आहेत. पिशवीवर कोंबडी उगीच नाही.

संक्रांतीच्या आधी एकदा बारामतीहून एक मॅडम गाडी घेऊन आल्या. हळदीकुंकवाला वाण म्हणून पंचवीस पिशव्या पाहिजे होत्या. मी लगबगीनं खुर्ची दिली. हौसा म्हणाली, "पंचवीस जणींची नावं सांगा. कोण काय ठेवतंय ते बी सांगा."

मॅडम हसल्या. "अहो मावशी, मला तरी कुठं माहितीय! एकसारख्या द्या हो सगळ्या."

"वळखत न्हाय त्यास्नी हळदकुंकू लावताय?"

मॅडमचा चेहरा उतरला. मी मधे पडलो, "शिवंल हो ती, तुमी बसा." हौसानं तोंडातल्या टाचण्या काढल्या. ती टाचण्या काढायची तेव्हा मला समजायचं, आता काही चालणार नाही. "एकसारख्या दुकानात मिळत्यात बाई. च्या घेऊन जावा."

मॅडम चहा घेऊन गेल्या. मी दिवसभर बोललो तिला. येडी, खुळी, घरात आलेलं गिऱ्हाईक घालवणारी. ती ऐकत होती आणि एका कासवाच्या पाठीवर चौकडा बसवत होती.

आमच्या शिवराम तात्याची गोष्ट गावाला माहीत आहे. तात्या म्हणजे विसरभोळा माणूस. एसटीत, पारावर, न्हाव्याकडं, जिथं बसेल तिथं पिशवी ठेवून यायचा. त्याच्यासाठी हौसानं बंदाला बैलाच्या गळ्यातलं घुंगरू शिवून दिलं. "पिशवी मागं ऱ्हायली तर कुनी उचलताना वाजंल, तात्या. तुमी न्हाय तर ती बोंबलंल."

पुढं गावात एका म्हाताऱ्याचा दहावा होता. ओढ्याच्या काठी पिंड ठेवला, सगळे गप्प, कावळा अगदी जवळ आला, चोच घालणार एवढ्यात तात्यानं तंबाखूसाठी पिशवी ओढली. छुन्न. कावळा जो उडाला तो दुपारपर्यंत आला नाही. तात्या तणतणत आमच्या दारात. "हौसा, काढ तुजं घुंगरू! समद्यांनी मला शिव्या घातल्या."

"पिशवी इसरला का त्या दिशी?"

"न्हाय."

"मग झालं तर. कावळ्याची पिशवी मी शिवली न्हवती."

तिची अजून एक खोड होती, ती पुष्कळांना उशिरा समजायची. पिशवीच्या बुडाला आतल्या बाजूनं ती काहीतरी बारकं शिवून ठेवायची. मासा, मुंगळा, मुळा, काहीही. पिशवी भरलेली असली की ते दिसत नाही. सगळं काढल्यावर दिसतं. मी एकदा म्हणालो, "कोन बघतंय ते?" तर म्हणाली, "रिकाम्या पिशवीत बघताना माणसाचं तोंड कसं हुतं, बघितलंय का तुमी? तितं कायतरी असावं."

आणि अकराचा हिशोब असा, की दहा मागणाऱ्यांच्या आणि अकरावी न मागणाऱ्याची. स्टँडवर झाडू मारणारी बाई, शाळेत दप्तर नसलेली पोरगी, असं कुणीतरी ती हेरून ठेवायची. अकरावी कुणाची ते कुणाला सांगायची नाही. शिवून झाली की जाऊन हातात द्यायची आणि वळून चालायला लागायची.

गेल्या वर्षी गणपती उठल्यावर तिनं घाणा चढवला. दहा पिशव्या झाल्या, ज्याच्या त्याच्या घरी गेल्या. अकरावी मशीनवर चढली आणि माझं लक्ष खुंटीकडं गेलं. खुंटी मोकळी. तिथं माझा खाकी कोट असायचा. कालव्यावरचा, सरकारी. नोकरी सुटून बारा वर्षं झाली, कोट अंगात बसत नव्हता, पण तो तिथं असायचा.

"माजा कोट कुठाय?"

"हितं," ती म्हणाली, टाचण्या तोंडातच. "चांगलं कापाड निघालं."

"कुणाला इचारून फाडलास?"

"इचारलं असतं तर दिला असता व्हय?"

"कुनाची हाय पिशवी?"

"हाय एक म्हातारी."

"काय ठेवणार हाय ती?" तिचाच सवाल मी तिच्यावर टाकला.

"कागद."

"कसलं कागद? सातबारा?"

ती हसली. "तसंच समजा. तिच्या नावावर तेवढंच हाय."

"भिकारणीला माजा कोट?"

"भिकारीण न्हाय. नवऱ्याची लाडकी हाय." मग जरा थांबून म्हणाली, "आसंल म्हंजी."

माझं डोकं फिरलं. मी कापड धरून खस्सकन ओढलं. सुई कट्कन मोडली. कापडात रुतलेला तुकडा हौसानं नखानं काढला, कुणाच्या पायात जाऊ नये म्हणून काडेपेटीत घातला, कापडाची घडी केली आणि मशीनच्या खणात ठेवली. "भाकरी टाकते," म्हणाली.

नवी सुई तिनं आणली नाही. मला वाटलं, रुसलीय. रुसू दे, म्हटलं.

संक्रांतीनंतर तिला अन्न जाईना. एका सकाळी उठली, वाकळांच्या चवडीखालून एक प्लास्टिकची कॅरीबॅग ओढून काढली आणि म्हणाली, "चला बारामतीला. ह्यात समदं हाय." कॅरीबॅगचा एक बंद तुटलेला. आत पोटाचे काळे मोठे फोटो आणि कागद. पाकिटाचा कोपरा प्लास्टिक फाडून बाहेर आलेला. जी बाई दुसऱ्याच्या हातातली कॅरीबॅग ओढून घ्यायची, 'ही काय माणसानं धरायची वस्तू हाय व्हय' म्हणायची, तीच ती छातीशी धरून एसटीत बसली. खिडकीशी. पाकीट दुमडू नये म्हणून सगळ्या वाटेत पाठ टेकली नाही.

डॉक्टरनं फोटो उजेडाला धरले आणि मला विचारलं, "आजोबा, हे पाच महिन्यांपूर्वीचे आहेत. तुम्हाला माहीत नव्हतं?"

"न्हाय."

शमीमला माहीत होतं. 'कापाड आणायला जातो' म्हणून दोघी बारामतीला गेल्या होत्या, त्या याला गेल्या होत्या. हौसावर मला तिथं काही बोलता येईना. मग सगळा राग शमीमवर गेला. नऊ दिवस दवाखान्यात गेले, आणि हौसाला घरी आणली ती मेलेलीच. शमीम रडत दारात आली तेव्हा मी तिला म्हणालो, "तुज्या पोटात ऱ्हायलं, माज्या बायकोच्या पोटात वाढलं. जा घरी." सगळ्यांदेखत म्हणालो.

दहाव्याला ओढ्याच्या काठी तीच जागा. पिंड ठेवला. कावळे बाभळीवर बसले होते, एकही खाली येईना. काहीतरी राहिलंय, लोक म्हणाले, बोला कुणीतरी. लोणी भापकरला दिलेली माझी लेक हात जोडून म्हणाली, "आई, आबांना मी बघंन." कावळा नाही. जावई म्हणाले, "मशीन कोन इकणार न्हाय." नाही. तात्या पिशवी घरी ठेवून आला होता, मोकळे हात जोडून तोही काही पुटपुटला. मला सगळे म्हणाले, "तुमी बोला की." मी काय बोलणार? तिचं काय राहिलं होतं ते मला माहीत असायला नको?

शमीम लांब, बाभळीच्या अलीकडं उभी होती. ती एक पाऊल पुढं आली, तोंड उघडलं. मी तिच्याकडं बघितलं. ती थांबली. माघारी गेली.

शेवटी दर्भाचा कावळा केला, तो पिंडाला लावला, आणि सगळे आंघोळी करून घरी आले.

तर निमगावची बाई पिशवी ठेवून गेली. मी चार दिवस त्या पदरवाल्या कोंबडीकडं बघत बसलो. पाचव्या दिवशी मशीनचा खण उघडला. खाकी कापड तसंच घडी केलेलं, कडेला सुईनं फाटलेली बारीक रेघ. दोन्ही पिशव्या घेतल्या आणि रस्ता ओलांडला. आठ महिन्यांत ओलांडला नव्हता.

शमीम दारात तांदूळ निवडत होती. काल येऊन गेलो असेन अशा आवाजात म्हणाली, "या, भाऊजी."

"ह्या बाईचा बंद लावायचाय. मला दोरा ओवायला येत न्हाय."

तिनं सूप बाजूला ठेवलं. बंद लावला. दातानं दोरा तोडला. मी खाकी कापड पुढं सरकवलं.

"आन ही कुनाची, तुला ठावं आसंल."

शमीम कितीतरी वेळ त्याच्यावरून हात फिरवत राहिली. "दहाव्याला त्येच सांगाया लागले हुते. तुमी डोळं वटारलं."

"कुनाची?"

"तिचीच की. ते फोटू ठेवायला. म्हनाली, ह्यांचा कोट ताठ हाय, ह्यांच्यावानीच. फोटू दुमडायचं न्हाईत."

मी तिथंच उंबऱ्यावर बसलो. एवढ्या वर्षांत गावाला पिशव्या दिल्या. हिला स्वतःची एक नव्हती. हे मला तिथं बसल्यावर समजलं. न मागणारी माणसं ती गावभर हेरत फिरायची, आणि मी घरातलं एक हेरू शकलो नाही.

"उलटी करा, भाऊजी," शमीम म्हणाली. "बूड बघा. बूड ती आधी करायची."

मी उलटी केली. आतल्या बाजूनं, बुडाला, एक बारका माणूस होता. डोक्याला पांढरा फेटा. हातात पाटाचं दार उघडायची किल्ली. तोंड लाल दोऱ्याचं, उघडं, अर्ध्या चेहऱ्याएवढं. ओरडत होता. कुणावर तरी नेहमीसारखा ओरडत होता.

शमीम हसायला लागली आणि हसता हसता तिनं पदर तोंडाला लावला. "मी म्हनलं, अक्का, भाऊजींना सांगा की. एकटीनं कशापायी हिंडायचं? तर म्हनाली, न्हाय गं. आधी वरडत्याल, मग रडत्याल. वरडलेलं मला सोसतंय, रडलेलं न्हाय सोसायचं. पर एकटीला भ्या बी वाटतंय. म्हनून आत घिऊन जाते."

बारामतीला जाऊन मी सुई आणली. शमीमनं हौसाच्या मशीनवर कडा घातल्या. बंद मी लावले, हातानं, तिनं ओवून दिलेल्या दोऱ्यानं. वाकडे लागले. मग फोटोंचं पाकीट आत सोडलं. कुठं अडलं नाही, कुठं ढिलं झालं नाही. वर चार बोटं राहिली. पिशवी माझ्या कोटाच्या खुंटीवर टांगली आहे. कधीतरी पाकीट काढतो, आत बघतो, परत ठेवतो.

सुई किती नंबरची ते मला दुकानदाराला विचारावं लागलं नाही. ते तिनं सांगून ठेवलं होतं.

दवाखान्यातली शेवटची दुपार. हौसा डोळे मिटून पडली होती. नर्सबाई फोटो बघून पाकीट तिच्या पोटावरच ठेवून गेल्या होत्या. हौसानं हात वर केला आणि पाकिटावर वीत टाकली. एक. मग दुसरी. मग बोटं सरकवली, चार. डोळे न उघडता म्हणाली, "बराबर कापलंय. अठराची सुई तेवढी आणा."

मला वाटलं, भ्रम झालाय.

"आधी बरी हो, मग बघू सुईचं," मी म्हणालो, आणि तिचा हात धरून चादरीखाली सारला.

तिनं तो परत बाहेर काढला आणि पाकिटावर ठेवला. वीत ताणलेली.